एल्सा चार, हिमगौरी एक आणि ती चष्मेवाली

साताऱ्यात आमचं ड्रेपरीचं, म्हणजे नाटका-गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं द्यायचं दुकान आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं, त्यामुळे डिसेंबर म्हणजे आमची सुगी आणि डिसेंबर म्हणजेच डोक्याला ताप. गॅदरिंगचा सीझन. महाराज, मावळे, जिजाऊ, सावित्रीबाई, कोळीण, वांगं, टोमॅटो, काय पाहिजे ते बोला, काढून देते. अण्णांच्या काळात म्हणजे सासऱ्यांच्या, विलायती खात्यात दोनच ड्रेस होते. एक पंखवाली परी आणि एक हिमगौरी. हिमगौरीचा निळा मखमली कमरेपर्यंतचा भाग, फुगे बाह्या, पिवळा सॅटिनचा घेर, डोक्यावर लाल बो, म्हणजे १९३७ च्या डिस्नेच्या पिक्चरमध्ये आहे अगदी तसाच, आणि अण्णांनी तो पिक्चर कधी पाहिलेलाच नव्हता, कुठल्यातरी गोष्टीच्या पुस्तकाच्या कव्हरवरून शिवून घेतला होता. तोच पॅटर्न आम्ही अजून वापरतो.

आता राजकन्यांचे दोन अख्खे रॅक आहेत.

तर मागच्या डिसेंबरातला शनिवार. एका शाळेच्या दुसरीच्या वर्गाची थीम होती राजकन्या, अकरा मुली, रविवारी सकाळी कार्यक्रम आणि आदल्या दिवशी दुपारी ट्रायल. बाईंनी व्हॉट्सॅपवर लिस्ट पाठवलेली: एल्सा चार ('फ्रोझन' पिक्चरमधली बर्फाची राणी, कोणीच माघार घेईना म्हणून चार), सिंड्रेला दोन, रॅपन्झेल दोन, बेल एक, हिमगौरी एक आणि अकराव्या नावापुढे नुसतं 'बघून ठरवू'.

ट्रायलला मुलींपेक्षा आयांचा गोंधळ जास्त. प्रत्येकीचं एकच, घेर अजून पाहिजे. आता गंमत बघा, एल्साचा तो बर्फाचा ड्रेस पिक्चरमध्ये अंगासरशी आहे, मागे नुसती लांब केप, पण तसा दिला तर गिऱ्हाईक म्हणतं हा काय गाऊन आहे का, म्हणून आम्ही आत कॅनकॅनचा ताठ परकर लावून तो फुगवून देतो. फुगला की राजकन्या. मग त्या पोरी दोन्ही हातांनी घेर उचलून जिना चढतात, पाणी प्यायचं तर दुसरं कोणीतरी पाजायला लागतं, बाथरूमचं तर विचारूच नका. हिमगौरीच्या आईनं हळूच विचारलं, पावडर जरा जास्त लावाल ना? ते दरवर्षी कोणीतरी विचारतंच. नावातच गौरी आहे, काय करणार.

अकरावी मुलगी कोपऱ्यात स्टुलावर बसलेली. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. तिची आई म्हणाली, "काहीही द्या हो हिला, फक्त बाईंनी स्टेजवर चष्मा काढायला सांगितलाय, राजकन्येला चष्मा नसतो ना."

"मीराबेलला आहे," ती स्टुलावरूनच म्हणाली.

मला कळेना मीराबेल कोण. मग तिनं सांगितलं, त्यांच्या घरातल्या सगळ्यांकडे एकेक जादू असते, एकीला लांबचं ऐकू येतं, एक गाढवं उचलते, आणि हिला मात्र काहीच येत नाही. "तिला काहीच येत नाही काकू, तरी तिचाच पिक्चर आहे."

आई म्हणाली अगं असला ड्रेस काकूंकडे नसणार. नव्हताच. आणि मी काय बोलून बसले, तर उद्या सकाळपर्यंत करून देते. का बोलले देव जाणे, अजून चार एल्सांचे हुक लावायचे होते.

नशीब लेक घरी आली होती. पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स करते. रात्री जेवणं झाल्यावर तिनं लॅपटॉपवर 'एन्कांतो' लावला, २०२१ चा, कोलंबियामधल्या कुटुंबाची गोष्ट, आणि मी मीराबेलला पॉज करकरून बघितलं. पांढरं ब्लाउज, पोटऱ्यांपर्यंतचा मोरपंखी घागरा, त्यावर रंगीत भरतकाम, फुलपाखरं, गोल हिरवा चष्मा. म्हटलं अगं हा तर आपला नवरात्रातला गरब्याचा घागरा! खालच्या रॅकमधून काढला, आरसे उसवले, घेर निम्मा केला, आणि फेल्टची फुलपाखरं कापत बसलो दोघी.

लेकीचं तोंड चालूच होतं. म्हणे २००० च्या आसपास डिस्नेचा कोणी मोठा साहेब त्यांच्याच बर्फावरच्या शोला गेला होता, तर तिथं रांगेत पोरी घरी शिवलेले राजकन्येचे ड्रेस घालून उभ्या, कंपनीचे नाहीतच, आणि ते बघून त्याला प्रिन्सेसच्या वस्तू विकायचा सगळा धंदा सुचला. मला एवढं बरं वाटलं ऐकून. म्हणजे त्यांच्यातपण ड्रेपरीचं डोकं आयांचंच.

मग एरियलवर आली गाडी. १९८९ ची जलपरी, राजपुत्रासाठी आवाज देऊन पाय घेते ती. आमच्याकडे तिचा शेपटीचा ड्रेस आहे, पाय एकत्र बांधलेले, पोरीला उचलून स्टेजवर ठेवायला लागतं, म्हणजे आवाज गेला तो गेलाच वर पायपण नाहीत. लेक म्हणाली ज्या दोघांनी एरियल काढली, रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर, त्यांनीच २०१६ मध्ये 'मोआना' केला. मोआनामध्ये प्रेमप्रकरणच नाही, पोरगी होडी घेऊन समुद्रात जाते. म्हटलं सत्तावीस वर्षं लागली होय रे तुम्हाला. त्यातच तो माउई नावाचा अर्धा देव तिला चिडवतो की झगा आहे आणि सोबत प्राणी आहे म्हणजे तू राजकन्याच. हे वाक्य दुकानाच्या बोर्डावर लिहायला पाहिजे खरंतर.

पण लेकीचं जुन्या नायिका बिनकामाच्या, नव्या भारी, हे मला पटेना. सिंड्रेलाला नावं ठेवायची नाहीत म्हटलं, चार माणसांचं घर एकटीनं ओढून, वर हसून बोलून दाखव एक आठवडा. तर तीच गप्प बसून मग म्हणाली, आई हे ऐक, अमेरिकेतल्या दोन भाषाशास्त्रज्ञ बायकांनी पिक्चरमधले डायलॉग मोजले, हिमगौरीत बायका आणि पुरुष निम्मे निम्मे बोलतात आणि एरियलच्या पिक्चरमध्ये पुरुष ६८ टक्के. दोन बहिणींच्या 'फ्रोझन'मध्ये, २०१३ च्या, तिथंसुद्धा पुरुष ५९. मी कात्री खाली ठेवली. म्हणजे नायिका धीट झाली पण तिच्या आजूबाजूला बडबडे बाप्ये किती वाढले! एरियलचा खेकडा पुरुष, 'फ्रोझन'मधला स्नोमॅन पुरुष, रेनडिअर बोलत नाही तर त्याच्या वतीनंही पुरुषच बोलतो.

आणि चष्म्याचं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीनं डिस्नेला पत्र लिहिलं होतं, चष्मेवाली राजकन्या का नाही म्हणून. मीराबेल तिच्या पत्रामुळे नाही आली, ती आधीच ठरत होती, पण पत्र लिहायला लागलं होतं ना पोरीला. मी त्या स्टुलावरच्या पोरीचा विचार करत होते. रात्रीचे दीड वाजले.

सकाळी शाळेत ग्रीनरूमला. पोरीचा चष्मा तपकिरी, मग लेकीनं शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून हिरवी टेप आणून फ्रेमला बारीक पट्ट्या गुंडाळल्या, फार निगुतीनं. बाई आल्या, चष्म्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मॅडम, तो ड्रेसचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. काही बोलल्या नाहीत.

कार्यक्रमात एका सिंड्रेलाचा पाय कॅनकॅनमध्ये अडकून ती बसली खाली, एका एल्सानं दुसरीची केप ओढली, रॅपन्झेलची लोकरीची वेणी पेटीवाल्या सरांच्या खुर्चीखाली अडकली. नेहमीचंच. शेवटी आमची चष्मेवाली. माइकवरच्या सरांच्या यादीत तिच्यापुढे अजून 'बघून ठरवू'च असणार, त्यांनी घागरा बघितला आणि जोरात म्हणाले, "आणि आता आली आहे गुजरातची राजकन्या!" पब्लिकनं टाळ्या वाजवल्या. ती चालत स्टेजच्या मध्यावर जायच्या ऐवजी सरळ माइककडे गेली, सरांनी वाकून कान दिला, मग सरळ होऊन म्हणाले, "सॉरी. मीराबेल. कोलंबिया. आणि ही राजकन्या नाहीये म्हणते." लोक हसले. ती नाही हसली, एक गिरकी घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मला विंगेतून फक्त पाठ दिसत होती, घागऱ्याचं एक फुलपाखरू सुटून लोंबत होतं आणि मी सेफ्टी पिन हातात धरून नुसती उभी.

सोमवारी चष्मेवालीची आई ड्रेस परत घेऊन आल्या. रजिस्टरमध्ये कुठं लिहायचा ते मला कळेना, गरब्यात की राजकन्यांत. डिपॉझिट दिलं. जाताना म्हणाल्या, ती टेप काढू देत नाहीये हो चष्म्यावरची, हिचे पप्पा चिडलेत, शाळेत असं चालेल का. म्हटलं काढाल तेव्हा चिकटपणा राहील, जरा खोबरेल तेल चोळा, निघतो. बघते म्हणाल्या.