शंभर रुपयांच्या तिकिटातला हरवलेला ‘स’

सिनेमा सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, तेव्हा लक्षात आलं की मी पडद्याखालची इंग्रजी ओळ वाचतोय. सिनेमा मराठी, चार भिंतींतल्या भांडणाचा, पात्रं आपल्या-तुपल्यासारखं बोलणारी. तरी ‘सासरे’ आणि ‘आजारी’ यातलं नक्की काय म्हटलं हे कळायला मला सबटायटल लागत होतं. वहीत लिहिलं: ‘संवाद पुटपुटल्यासारखे. ध्वनिमुद्रण कच्चं.’ पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, हे नशीब.

आमच्याकडे परीक्षणाखाली तारे नसतात. एकच आकडा छापतो: हा सिनेमा थिएटरात बघायला जास्तीत जास्त किती रुपये मोजावेत. आकडा तीनदा लिहायचा. मध्यंतराचे दिवे लागल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी, शेवटची श्रेयनामावली चालू असताना, आणि संध्याकाळी मजकूर पाठवायच्या आधी. पहिल्या दोहोंत पन्नासपेक्षा जास्त फरक पडला तर त्याचं कारण मजकुरात आलंच पाहिजे. अंधारात एका पानावर एकच नोंद करायची, नाहीतर ओळींवर ओळी चढतात आणि संध्याकाळी स्वतःचंच अक्षर लागत नाही. घड्याळ तिकिटावरच्या वेळेपासून नाही, सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसल्यापासून लावायचं. त्या दिवशी तिकीट साडेनऊचं होतं, प्रमाणपत्र आलं नऊ चव्वेचाळीसला. मिनिटाला किती रुपये पडले हा हिशेब मात्र आम्ही करत नाही. त्या न्यायाने तीन तासांचा रटाळ सिनेमा सगळ्यात किफायतशीर ठरेल.

पॉपकॉर्न आकड्यात धरत नाही, ऑनलाइन बुकिंगचं सुविधा शुल्क धरतो. खिडकीवर ते लागत नाही हे खरं, पण शनिवारी रात्री चार जणांना घेऊन खिडकीवर नशीब आजमावायला कोण जातं?

सकाळचं थिएटर एकपडदा होतं, तिकीट शंभर रुपये. शंभरच का, यालाही कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर गेलात की १८. शंभरच्या तिकिटातून कर वजा जाता ९५ रुपये २४ पैसे उरतात. तेच तिकीट ११० केलं तर उरतात ९३ रुपये २२ पैसे. दहा रुपये वाढवून मालकाचं नुकसान आणि प्रेक्षकाचंही, असा हा उंबरठा आहे. वाढवायचं तर थेट १२०-१३०वर उडी मारावी लागते, आणि सकाळच्या शोला तेवढी हिंमत फार कमी जण करतात.

मध्यंतरात मी आकडा लिहिला ६०. मग दुसऱ्या अर्धात जागा बदलली. मधल्या ओळीतून उठून पुढे, पडद्यापासून चौथ्या ओळीत. हॉलमध्ये मोजून अकरा माणसं होती, कुणाला त्रास व्हायचा प्रश्न नव्हता. तिथे उलगडा झाला. पार्श्वसंगीत डाव्या-उजव्या बाजूने लख्ख येत होतं, झांजेचा किणकिणाट सुद्धा. बोलणं मात्र मधोमध, जाड घोंगडीखालून आल्यासारखं. ‘स’, ‘श’, ‘छ’, ‘फ’ गळून पडत होते, स्वर तेवढे शाबूत.

सिनेमाचे संवाद जवळजवळ सगळे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. त्या स्पीकरला खाली मोठे वूफर आणि वर हॉर्न, म्हणजे बारीक, टोकदार आवाज देणारा कर्णा, असतो. वूफर आवाजाचं अंग देतो, पण शब्द कळतात ते हॉर्नमुळे, कारण व्यंजनांची धार वरच्या कंप्रतेत असते. हॉर्नमागे प्रत्यक्ष आवाज काढणारा भाग म्हणजे ड्रायव्हर. त्यातला डायफ्रॅम, म्हणजे कंप पावणारा पातळ पडदा, फाटला की माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते नाही. सिनेमाआधीच्या बऱ्याच जाहिराती स्टिरिओत असतात, डावी-उजवीकडून वाजतात, म्हणून तेव्हा काहीच खटकत नाही.

शो सुटल्यावर प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये गेलो. ऑपरेटरकाकांना विचारलं, “काका, सेंटरचा हॉर्न बघितलात का?”

“इथे तर सगळं बरोबर वाजतंय,” म्हणाले. खोटं नव्हतं ते. केबिनमधल्या मॉनिटरला सिग्नल मिळतो तो वाटेतूनच, आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या प्रोसेसरपाशी किंवा अ‍ॅम्प्लिफायरपाशी. त्याच्या पुढे, पडद्यामागे काय मेलंय ते त्याला समजत नाही. “पब्लिक ओरडलं म्हणून फेडर पाचावरून साडेसहावर घेतला,” हे त्यांनी आपणहून सांगितलं. फेडर म्हणजे हॉलचा आवाज कमी-जास्त करायची कळ, आणि तिचं दीड घर म्हणजे साधारण ५ डेसिबल. बोलणं त्यानं सुधरलं नाहीच, संगीत तेवढं अंगावर यायला लागलं.

मग प्रोसेसरमधून एकेका चॅनलला, म्हणजे डाव्या, उजव्या आणि मधल्या स्पीकरला वेगवेगळा, पिंक नॉइज सोडला. पिंक नॉइज म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा एकसुरी आवाज. डावीकडे पाऊस, उजवीकडे पाऊस, मधे घुंऽऽ. काकांनी कपाळाला हात लावला. तिथे सकाळी मेन स्विच मारला की अ‍ॅम्प आणि प्रोसेसर एकदमच चालू होत होते. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद करायचे असतात, नाहीतर प्रोसेसरचा धक्का ‘धप्प’ करून थेट ड्रायव्हरवर जातो. रोज एक धप्प. डायफ्रॅम त्यानंच गेला की वयानं, हे काही सांगता येणार नाही. सुटा डायफ्रॅम मागवायचं ठरलं.

माझ्यापुढे मात्र वेगळाच पेच. साठ रुपये कुणाचे, सिनेमाचे की हॉर्नचे? पावणेएकला एका मल्टिप्लेक्समध्ये तोच सिनेमा पुन्हा पाहिला. तिकीट २४०, वर सुविधा शुल्क ३० आणि त्याच्यावर १८ टक्के, म्हणजे एकूण २७५ रुपये ४० पैसे. माणसं चौदा. हे बरं झालं, कारण विनोद भरल्या हॉलमध्ये निम्मा फुकट पिकतो आणि मग आकडा फुगतो. दोन्हीकडे हॉल सारखेच रिकामे, फरक फक्त आवाजाचा.

आणि फरक भलताच होता. सकाळी जो प्रसंग लांबलेला वाटला, त्यात सासू तीनदा तेच वाक्य म्हणते आणि दरवेळी एकच अक्षर दाबते. सगळी गंमत त्या अक्षरात. ध्वनिमुद्रण कच्चं तर नव्हतंच, उलट स्वयंपाकघरातला मिक्सर बोलण्याच्या मधे नेमका कुठे थांबवायचा याचा कुणीतरी बारीक विचार केला होता. वहीतली सकाळची ओळ खोडली. उत्तरार्धातलं एक उपकथानक तरी उगाचच आहे, ते दोन्ही ठिकाणी उगाचच वाटलं. आकडा १७०.

आता हिशेब बघा. सिनेमा १७०चा. जिथे नीट ऐकू येतो तिथे पावणेतीनशे लागतात, म्हणजे पैसे वसूल नाहीत. जिथे शंभर लागतात तिथे मिळतं साठाचं, तिथेही नाहीत. आम्ही आकडा १७० छापला आणि खाली दोन ओळी जोडल्या: खिडकीवर दीडशेच्या आत मिळालं तर जरूर जा, आणि पहिल्या दहा मिनिटांत संवाद कळेनासे झाले तर लगेच डोअरकीपरला सांगा, मध्यंतरापर्यंत थांबू नका. थिएटरचं नाव छापलं नाही. त्याच आठवड्यात तिथे दुरुस्ती होणार होती, आणि छापलेलं नाव पुढे वर्षभर चिकटून राहतं.

डायफ्रॅम मंगळवारी आला, बुधवारी बसला. काकांनी फोन करून दुपारच्या शोला बोलावलं, दहा मिनिटं उभ्याउभ्या ऐकलं. फेडर परत पाचावर, सासूचं ते अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत पोचत होतं. शंभर रुपयांत १७०चा माल. शुक्रवारी नवा हिंदी सिनेमा लागला आणि हा तिथून उतरला.