सोलापुरातला बेगोनिया : उन्हाळ्यानंतरची नोंद

रेक्स, म्हणजे शोभेच्या रंगीत पानांचा बेगोनिया, जगला! मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला तेव्हा सगळी भिस्त जिन्याखालच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यावर होती. केन बेगोनियाने (बांबूसारख्या पेरांच्या उभ्या खोडाचा तो) खालची पानं टाकली, पण पेरापेरातून नवे फुटवे आलेत. त्याची मला कधीच काळजी नव्हती.

रेक्सचं मूळ घर आसामकडचं. त्याला ओलावा हवा तो हवेत, मातीत नाही. जाड खोड मातीला टेकून आडवं वाढतं, आणि कुंडीत पाणी राहिलं की तेच आधी कुजतं. म्हणून वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बोटभर कोरडं झाल्याशिवाय पाणी घालत नाही. मांडणीमागे मात्र दुपारभर ओला सोलापुरी टॉवेल टांगलेला असतो. आपल्या कोरड्या हवेत याहून स्वस्त आणि चांगला उपाय मला माहीत नाही.

आता खरी बातमी. एका पक्व पानाच्या मागच्या जाड शिरा ब्लेडने जागोजागी छेदून ते ओल्या कोकोपीटवर सपाट ठेवलं होतं, वर खड्यांचं वजन आणि पारदर्शक झाकण. छेदांपाशी आता रोपं उठली आहेत. नखाएवढं पान, गुलाबी लव, आणि एवढ्याशा आकारातही पानाची एक बाजू मोठी, दुसरी लहान. बेगोनियाची ही ओळख इतक्या लवकर दिसते! झाकण रोज सकाळी थोडा वेळ काढतो, नाहीतर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. द्राक्षवाल्या मंडळींना भुरी काय ते सांगायला नकोच.

बेगोनिया हे नाव कुठून आलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मिशेल बेगों (१६३८–१७१०) हे कॅरिबियन बेटांवरच्या फ्रेंच वसाहतींत मोठे अधिकारी होते आणि त्यांना वनस्पतींची आवड होती. शार्ल प्लुमिए या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ते कायम केलं. या प्लुमिएंचं नावही आपल्या दारात आहे: देवळाजवळचा पांढरा चाफा म्हणजे प्लुमेरिया. मॅग्नोलिया आणि फ्युशिया ही नावंही त्यांनीच दिलेली.

पानावरच्या या रोपांना दोन-तीन पानं आली की वेगळी करीन. बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून तोवर पावसाचं साठवतोय. केनच्या फांद्या भरपूर आहेत. कुणाकडे गोल, गुंडाळलेल्या पानाचा रेक्स असेल तर अदलाबदल करू.