भंडारचं बंडार: बेळगावच्या गल्ल्या पेनानं काढताना

निपाणीची माणसं बेळगावला जातात ती लग्नाच्या खरेदीला, नाहीतर दवाखान्याला. मी यंदा जानेवारीत तीन दिवस गेले ती नुसते रस्ते आणि इमारती काढायला. रंग नाहीत, पेन्सिलीची छाया नाही, फक्त काळी शाई. शहापूरच्या मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कोण बघणार हाय गं ते? बरं ये, भाकरी तरी खाशील."

हा नाद मुंबईत असताना लागला. तिथं व्हिक्टोरिया टर्मिनस (१८८८) किंवा राजाबाई टॉवर काढताना समोर मोकळी जागा असते. इमारत आधीच ऐटीत उभी, आपण फक्त दमानं बघायचं. बेळगावच्या गल्लीत आपली पाठ एका दुकानाला टेकलेली आणि समोरचं घर पाच पावलांवर. मान वर केली की कौलं आणि वायरी, खाली केली की दुचाकी, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात बोर्ड. मी ठरवून गेले होते की बोर्ड वगळायचे, जुनं तेवढंच काढायचं. हा बेत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच टिकला.

निपाणीहून हायवेनं एसटीला दीड-दोन तास लागतात. कोल्हापूरहून येणाऱ्यांनी आणखी तासभर धरावा. बसस्थानकातून किल्ला चालत जाण्याइतका जवळ आहे, म्हणून पहिला दिवस तिथंच घालवा, रिक्षा लागत नाही. रिक्षावरून आठवलं: खडेबाजार दोन आहेत, एक शहरातला आणि एक शहापूरचा. नुसतं "खडेबाजार" म्हणालात तर रिक्षावाला त्याच्या मनातल्या खडेबाजारात नेऊन सोडेल. माझं तसंच झालं. रुळांच्या पलीकडचं शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, तेव्हा दोन गावांचे दोन बाजार असणारच.

किल्ल्याच्या दरवाज्यापाशी गणपती आणि दुर्गेची देवळं आहेत. तिथं तास गेला. आत कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ चं. छतातून खाली उतरलेलं दगडी कमळ ७२ पाकळ्यांचं आहे. मी हौसेनं पाकळी-पाकळी मोजत काढायला बसले आणि चाळिशीच्या पुढं हिशोब गेला, मानही गेली. तुम्ही आधी पुसट पेन्सिलीनं वर्तुळं आखा, मग मधून बाहेर जाणाऱ्या रेघा, आणि पेन अगदी शेवटी. बारीक टोकाचं, ०.१ चंच पेन घ्या. ०.५ च्या जाड टोकानं त्या कमळाचा फ्लॉवर होतो. बसदी चालती-बोलती आहे, लोक दर्शनाला येतात, तेव्हा स्टूल दाराच्या वाटेत मांडू नका आणि चपला बाहेरच काढा. सफा मशिदीत मी बाहेरूनच काढलं. नमाजाची वेळ विचारून मग बसले, कुणी काही म्हणालं नाही. किल्ल्यात आणि पुढं कॅम्पात लष्कराच्या जागा आहेत. तिथल्या फाटकांची, भिंतींची चित्रं काढायला बसू नका. पाटी वाचा आणि पुढं चला.

दुसऱ्या दिवशी गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार (शहरातला!). सकाळी सातला पोचा. शटरं बंद असतात, दुचाक्या नसतात, वरचे मजले नीट दिसतात: लाकडी कठडे, सज्ज्याखालचे तिरके टेकू, मंगलोरी कौलांच्या ओळी. कौलं एकेक काढू नका, वेड लागेल. कडेची एक ओळ नीट काढायची आणि वर जाता जाता रेघ तुटक करायची, डोळा बाकीचं भरून घेतो. पेन्सिल हात लांब करून धरली की खालच्या मजल्याच्या किती पट वरचा, हे मोजता येतं. अरुंद गल्लीत हे मोजलंच पाहिजे, कारण एवढ्या जवळून घर नेहमी आहे त्यापेक्षा उंच वाटतं.

दहाला शटरं वर गेली आणि चित्र लंगडं पडलं. बोर्डांशिवाय ती घरं ओस पडल्यासारखी दिसायला लागली. म्हणून बोर्ड घ्यायचे ठरवलं, आणि खरी मेहनत तिथून सुरू झाली.

देवनागरीचं सोपं असतं. शिरोरेषा ही तयार मोजपट्टी आहे. ती गल्लीच्या उतारात, म्हणजे लांब जाणाऱ्या बाकीच्या रेघा जिथं मिळतात त्या बिंदूकडं जाईल अशी ओढली, की अक्षरं तिला टांगता येतात. कन्नड अक्षराला अशी दोरी नाही. प्रत्येक अक्षर आपल्या पायावर बसतं आणि बहुतेकांच्या डोक्यावर आपापला तुरा, तलकट्टू. त्यामुळं वर एक, खाली एक अशा दोन पुसट रेघा आखल्याशिवाय ओळ डगमगते, आणि तिरक्या बोर्डावर तर ती गल्लीबाहेरच पडते. मी मराठी माध्यमाची. शाळेत कन्नड होतं, पण मी काठावर पास. वाचता येतं, चित्र म्हणून कधी बघितलं नव्हतं. ते गोल गरगरीत आकार पेनाला फार आवडतात, हे मला त्या दिवशी कळलं.

एका कापड दुकानावर मराठी आणि कन्नड दोन्हीत "वस्त्र भंडार" होतं. तासभर खपून काढलं. दुकानातले काका गिऱ्हाईक नसल्यानं बाहेर आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "छान काढालाय की. पण भंडारचं बंडार केलासा."

"कुठं?"

"हितं. ह्याचं पोट चिरायचं राहिलं."

कन्नडमध्ये "ब"च्या बुडाशी एक बारीक उभी रेघ दिली की "भ" होतो. ती रेघ मी गाळली होती, का तर मला तो रंगाचा ओघळ वाटला. नशीब की शाईत राहिलेलं भरता येतं. काकांनी स्वतःच्या पेनानं बोर्डावर ती रेघ दाखवली आणि मी माझ्या पेनानं पोट चिरलं. मग चहा आला. म्हणून सांगते, कन्नड येत नसेल तर बोर्डाचा फोटो काढून मोठा करून बघा आणि दुकानदाराला दाखवल्याशिवाय शाई लावू नका. अक्षरांऐवजी नुसत्या वेलांट्या गिरवून सोडणारे लोक आहेत. इंग्रजी अक्षरं मात्र तेच लोक नीट काढतात. हे मला पटत नाही. घर ज्यांचं, बोर्ड ज्यांचा, त्यांना तो वाचता आला पाहिजे.

सामानाचं थोडक्यात: ०.१, ०.३, ०.५ ची पेनं, शाई पाण्यानं न पसरणारी (हे दुकानात बोट ओलं करून तपासा, मी तपासलं नव्हतं आणि घामानं अर्धं रिसालदार गल्लीचं चित्र गेलं), दीडशे-दोनशे जीएसएमचा, म्हणजे जाडसर कागद, दोन चिमटे, घडीचं स्टूल, टोपी. बायकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: बाजारात बसायचं तर स्वच्छतागृहाची सोय आधी बघून ठेवा. मी दर तीन तासांनी एखाद्या हॉटेलात चहा घ्यायला जायचे, चहा निमित्तालाच. याच रिसालदार गल्लीत ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद ज्या घरी उतरले होते ते आता स्मारक म्हणून जपलंय. चित्र पुसलं गेलं तरी घर बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च, १८६९ चं. दगडी, टोकदार कमानींचं आणि भोवती झाडं. मुंबईच्या सवयीला हे सोपं गेलं, त्यामुळं सांगण्यासारखं फार नाही. झाडं आधी काढा, चर्च त्यांच्या मागं सरकवा, एवढंच. दुपारी शहापूर. कपिलेश्वराच्या देवळाजवळच्या पुलावरून रुळांचं दृश्य मोहात पाडतं, पण तिथं वाहनं अंगावरून जातात, खाली उतरून बसा. मावशीच्या गल्लीत मात्र कट्ट्यावर आरामात बसता येतं. पलीकडं वडगावात मागांची खटखट चालू असते, ती काही रेघेत येत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, बेळगावचा पाऊस कागद ठेवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. येताना कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, घ्या, पण वहीच्या पिशवीत ठेवू नका. तूप कागदात शिरलं की त्यावर शाई बसत नाही.

निघायच्या आधी वस्त्र भंडारच्या काकांना चित्राची झेरॉक्स नेऊन दिली. त्यांनी ती काउंटरच्या काचेखाली सरकवली, चष्मा लावून पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "फोन नंबरातला एक आकडा ऱ्हायला की हो." मी बघितलं. खरंच नऊच होते, आणि बोर्डाच्या कडेला दहाव्याला जागाच सोडली नव्हती.