फ्लॉस आणि रिबिनी

दुपारभर भाचीच्या बॅलेच्या बुटांना रिबिनी शिवत बसले. दोऱ्याने नाही, चक्क डेंटल फ्लॉसने! "मावशी, साधा दोरा तुटतो गं." नवेकोरे गुलाबी सॅटिनचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट, आणि ही बया ते दाराच्या फटीत घालून वाकवते, जमिनीवर आपटते. माझा जीव कळवळतो. पुढचा टणक भाग मला लाकडाचा वाटायचा. तर तो कापड, कागद आणि खळीचे थर! घामाने भिजून मऊ पडला की जोडी बाद. मोठ्या नर्तिकांची जोडी एका प्रयोगातच कामातून जाते.

आठव्या वर्षी ती ‘नटक्रॅकर’मध्ये उंदीर झाली होती, शेपटावर कुणीतरी पाय दिला म्हणून विंगेत रडली होती. आता एकोणिसाव्या वर्षी, लंडनमधल्या पहिल्या करारावर, त्याच बॅलेत हिमकणांच्या घोळक्यातली एक. रशियन नर्तिका अ‍ॅना पावलोव्हा १८९९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात आली आणि १९०६ मध्ये प्रिमा बॅलेरिना, म्हणजे मुख्य नर्तिका झाली, हे मी तिला ऐकवलं. तिने डोळे फिरवले. बरोबरच आहे म्हणा.

संध्याकाळी प्रयोग पाहिला. वरून कागदी बर्फ पडतो, तोंडात जातो, पायाखाली सरकतो आणि या मुली हसत गिरक्या घेतात. एकसारख्या पोशाखात मला ती सापडेचना! शेवटी मानेच्या लकबीवरून ओळखली.

रात्री बर्फाच्या बादलीत पाय. अंगठ्याचं नख काळंनिळं.

"आईला फोटो पाठवू नकोस हं."

उद्या दोन प्रयोग. अजून एक जोडी शिवायचीय.