फिलाडेल्फियातले मातीचे चिनी लोक

फिलाडेल्फिया शहरात नववा रस्ता आणि सॅन्सम रस्ता जिथे मिळतात, तिथे आज पाहण्यासारखे फारसे काही नाही. चेस्टनट रस्त्याकडची बाजू एका जुन्या, भव्य हॉटेलच्या इमारतीने व्यापली आहे आणि तिच्यात आता भाड्याची घरे आहेत. दक्षिणेला थोडे चालले की १८०९ सालापासून चालत आलेले वॉलनट स्ट्रीट थिएटर लागते. मी इथे आलो होतो ते १८३८ सालच्या डिसेंबरात नेथन डन या व्यापाऱ्याने उघडलेल्या चिनी संग्रहालयाची जागा पाहायला. वरच्या मजल्यावर पील या चित्रकार घराण्याचे संग्रहालय आणि तळमजल्यावर डनचा चीन, अशी त्या इमारतीची वाटणी होती.

डन हा न्यू जर्सीचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला. धंद्यात दिवाळे निघाले, कर्जापायी पंथानेही बाहेर काढले, आणि १८१८ साली तो नशीब अजमावायला चीनमधल्या कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझूला गेला. तिथे बारा-तेरा वर्षे राहून तो श्रीमंत झाला आणि परत आल्यावर त्याने जुनी देणी फेडून टाकली. त्या काळी कँटनमध्ये पैसा करण्याचा हमखास मार्ग म्हणजे अफू; डन तिच्या वाटेला गेला नाही, आणि चिनी व्यापारी व अधिकारी यांची मर्जी त्याला लाभली ती बरीचशी यामुळे, असे मानले जाते. हे वाचताना मुंबईची आठवण टाळता येत नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांच्या संपत्तीत कँटनच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. ज्या इस्पितळाला आपण सहज 'जेजे' म्हणतो, त्याच्या देणगीचे मूळही त्या व्यापारापासून फार दूर नाही.

परदेशी व्यापाऱ्यांना तेव्हा कँटन शहराच्या तटबंदीच्या आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. नदीकाठच्या वखारींच्या पट्ट्यातच त्यांनी राहायचे, आणि व्यवहार करायचा तो ठरलेल्या हाँग व्यापाऱ्यांमार्फत, म्हणजे परदेशी व्यापाराचा सरकारी परवाना असलेल्या चिनी व्यापाऱ्यांमार्फत. म्हणजे डनने जो चीन अमेरिकेला दाखवला, तो त्याने स्वतः हिंडून पाहिलेला नव्हता. तो चिनी मध्यस्थांनी जमवलेला आणि चिनी कारागिरांनी घडवलेला होता. मला या संग्रहाचे मोल वाटते ते इथेच.

दालनात कंदील टांगलेले होते, चिनी मातीची भांडी, रेशीम, लाखकाम, चित्रे, होड्यांच्या प्रतिकृती आणि पशुपक्षीही होते. पण गर्दी व्हायची ती काचेच्या कपाटांतल्या पुरुषभर उंचीच्या मातीच्या पुतळ्यांपुढे. कँटनच्या कारागिरांनी जिवंत माणसे समोर ठेवून हे चेहरे घडवले होते आणि अंगावर खरे कपडे चढवले होते. मोठे अधिकारी, विद्वान, भिक्षू हे तर होतेच, पण फिरता न्हावी, चांभार, लोहार आणि पालखीचे भोईही होते. सगळ्यांत जिवंत वाटते ते रेशमाचे दुकान. गल्ल्यामागे मालक मणी सरकवत हिशेब करतो आहे, गिऱ्हाईक काळ्या रेशमाचा तागा निरखते आहे, आणि दुकानात शिरलेला आंधळा भिकारी बांबूच्या दोन काठ्या एकमेकींवर वाजवत उभा आहे. हातावर काही पडल्याशिवाय तो हलणार नाही आणि मालकालाही ते ठाऊक आहे. दरबारी झग्यांतल्या पुतळ्यांपेक्षा मला हे दृश्य अधिक मोलाचे वाटते, कारण विचित्र देश पाहायला आलेल्या माणसाला इथे आपल्याच गावचा बाजार भेटला असणार.

अर्थात काचेपलीकडचा माणूस काही बोलत नाही. फिलाडेल्फियातली आजची चिनी वस्ती, म्हणजे दहाव्या रस्त्यावरचा चायनाटाउन, इथून चालत थोड्याच अंतरावर आहे, पण तिची सुरुवात १८७० नंतरची. डनच्या बहुतेक प्रेक्षकांनी ते पुतळे ज्याच्याशी ताडून पाहावेत असा एकही खरा चिनी माणूस पाहिलेला नव्हता. दालनात चीनविषयी बोलायचे काम विक्रीला ठेवलेली 'दहा हजार चिनी वस्तू' ही माहितीपुस्तिका करीत असे.

पुढे डनने सगळा संग्रह लंडनला नेला आणि १८४२ साली हाइड पार्क कॉर्नरपाशी तो मांडला. प्रवेशद्वार पॅगोड्याच्या घाटाचे होते. ब्रिटन तेव्हा चीनशी अफूचेच युद्ध लढत होते, त्याच वर्षीच्या ऑगस्टात ते संपवणारा नानजिंगचा तह झाला, आणि चीनविषयीचे कुतूहल शिगेला पोचले असताना लंडनकर तिकीट काढून आत जात होते. अफूला न शिवलेल्या माणसाच्या प्रदर्शनाला अफूच्या युद्धाने गिऱ्हाईक मिळवून द्यावे, याला काय म्हणावे?

डन १८४४ साली वारला आणि १८५१ साली संग्रह लिलावात फुटला. फिलाडेल्फियातल्या इमारतीला मात्र 'चायनीज म्युझियम' हे नाव चिकटून राहिले. १८४८ साली व्हिग या तेव्हाच्या मोठ्या अमेरिकी पक्षाने झॅकरी टेलर यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली ती इथल्याच अधिवेशनात. १८५४ च्या जुलैत ती इमारत जळाली आणि त्या जागी कॉन्टिनेंटल हॉटेल उभे राहिले. कोणाला या विषयाची गोडी असेल, तर त्याने त्या कोपऱ्यावर फार वेळ न दवडता लोकस्ट रस्त्यावरच्या लायब्ररी कंपनीच्या वाचनालयाकडे वळावे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३१ साली स्थापन केलेल्या या ग्रंथालयात जुन्या फिलाडेल्फियाचे छापील साहित्य भरपूर आहे, आणि तिथे वाचायला पैसे पडत नाहीत.