बर्लिनचा विमानतळ बर्लिनमध्ये नाही

पुढच्या महिन्यात माझ्या दोन मैत्रिणींचे आईवडील बर्लिनला येताहेत. दोघींनीही मला तेच विचारलं: "विमानतळाचं काय काय सांगून ठेवू त्यांना?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहावं म्हटलं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. नाव बर्लिन असलं तरी हा विमानतळ बर्लिन शहराच्या हद्दीत नाही. तो आहे शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात, श्योनेफेल्ड गावाजवळ. बर्लिनच्या लोकल, मेट्रो आणि बसचे भाडे-विभाग आहेत ए, बी आणि सी. शहर ए-बीमध्ये संपतं आणि विमानतळ सीमध्ये आहे, म्हणजे तिकीट हवं एबीसी. माझ्याकडे एबीचा मासिक पास होता. आईबाबांना आणायला निघाले तेव्हा आनंदात एवढी बुडालेली की पासाचा विचारच मनात आला नाही. श्योनेफेल्ड स्टेशन गेलं आणि साध्या कपड्यांतल्या दोन तपासनिसांनी ओळखपत्रं काढली. ६० युरो दंड. एबीचा पास असेल तर फक्त सी विभागापुरतं स्वस्त जोड-तिकीट मिळतं. त्याला इथे अन्शलुस-फारआउसवाइस म्हणतात. डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर लोकल गाड्या-बसना चालणारा मासिक पास, असेल तर काहीच करावं लागत नाही, ते विमानतळापर्यंत चालतं. आणि कागदी तिकिटावर वेळ छापलेली नसेल, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या पेटीत ते घालून शिक्का मारून घ्यायचा. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास.

मी २०१४ साली आले ती जुन्या टेगेल विमानतळावर. षटकोनी इमारत, विमानातून उतरलं की जरा चाललं, सामान घेतलं, की थेट बाहेर टॅक्सी. नवा विमानतळ खरं तर जून २०१२ मध्येच उघडायचा होता. निमंत्रणं गेली होती, दुकानांची तयारी झाली होती, आणि जेमतेम महिनाभर आधी कळलं की आग लागली तर धूर बाहेर काढणारी यंत्रणा धड चालत नाही. त्यानंतर तारखांवर तारखा पडत गेल्या. अखेर ३१ ऑक्टोबर २०२० ला तो उघडला, ऐन कोरोनात, आणि आठवडाभराने, ८ नोव्हेंबरला, टेगेलवरून शेवटचं विमान उडालं. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. पण रेल्वेच्या बाबतीत नवा विमानतळ कितीतरी उजवा आहे. टेगेलला रेल्वेच नव्हती, गर्दीच्या बसमध्ये बॅगा घेऊन उभं राहावं लागायचं. इथे स्टेशन थेट टर्मिनल १च्या खाली आहे, सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने खाली उतरलं की झालं.

मुख्य स्टेशनला, म्हणजे हाउप्टबानहोफला जायचं असेल तर एफईएक्स ही जलद गाडी घ्या. डिसेंबर २०२५ मध्ये नवा मार्ग सुरू झाल्यापासून ती खूपच लवकर पोचते. एस९ लोकलला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, पण अलेक्झांडरप्लाट्झच्या बाजूला जायचं असेल तर तीच बरी. तिकीट दोन्हींना तेच, जलद गाडीला जादा पैसे नाहीत. दक्षिणेकडे नॉयक्योल्नमध्ये राहणाऱ्यांनी एक्स७ बस धरून रुडोला उतरावं आणि यू७ मेट्रो घ्यावी.

आता भारतातून येणाऱ्यांसाठी. दोहामार्गे आलात तर पासपोर्टची रांग बर्लिनलाच लागते. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे आलात तर ते काम तिथेच उरकतं, म्हणून तिथे दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांचा तिथेच फोटो काढतात आणि व्हिसासाठी दिलेल्या ठशांशी जुळवायला बोटांचे ठसेही घेतात. वयस्कर माणसांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "माझेच ठसे का घेताहेत?" म्हणून जीव घाबरा होतो.

आणि सामान! आईने निघायच्या आदल्या दिवशी फोन केला, "अगं, घरचं तूप कढवलंय, अर्धा किलो आणते." मला नाही म्हणताना गळा दाटून आला, पण नाहीच म्हणावं लागलं. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी, खवा, सगळं त्यात आलं. आंबे आणि कढीपत्ताही सरकारी रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. नारळ मात्र चालतो. लाडू करायचेच असतील तर तेलातले करा. मेतकूट, गोडा मसाला, चकल्या खुशाल आणा.

भेटायची जागा आधी ठरवा. निघण्याच्या मजल्यावर, चेक-इनच्या दालनात छताखाली एक भलीमोठी लाल जाळीदार कलाकृती लटकते, वाऱ्यावर उडणाऱ्या ओढणीसारखी. बाहेर येणारे लोक एक मजला खाली येतात, पण चुकामूक झालीच तर "वर जाऊन लाल ओढणीखाली थांबा" एवढं सांगितलं की पुरतं. परत जाताना सुरक्षा तपासणीची वेळ विमानतळाच्या संकेतस्थळावर फुकट राखून ठेवता येते. सुट्ट्यांच्या दिवसांत ती नक्की घ्या.

परतीच्या दिवशी मला रजा मिळाली नाही. आईबाबा दोघंच बाउमशुलेनवेग स्टेशनहून एस९ने गेले. जुन्या नकाशांत आणि इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून श्योनेफेल्ड हाच विमानतळ असतो, कारण टेगेलखेरीज बर्लिनचा दुसरा जुना विमानतळ त्याच स्टेशनला होता. तिथे उतरलं तर फसायला होतं. म्हणून मी एका पोस्टकार्डामागे ठसठशीत देवनागरीत लिहून बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं: "आडलर्सहोफ – बसून राहा. श्योनेफेल्ड – उतरू नका. वासमान्सडोर्फ – उतरू नका. शेवटचं स्टेशन – उतरा, वर जा." दुपारी त्यांचा मेसेज आला, सोबत लाल ओढणीखाली उभ्या असलेल्या आईचा फोटो होता.