बाविसावा आठवडा आणि कोविडची लस

२ जुलै २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं गरोदर बायकांना कोविडची लस घ्यायला परवानगी दिली, तेव्हा मला वीस आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं, तेव्हापासून गरोदर बायका यादीबाहेर होत्या. १९ मे रोजी अंगावर पाजणाऱ्या आयांना मुभा मिळाली, पण पोटुशींचा निर्णय राहिला होता. तो आला आणि सोलापुरातल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न सुरू झाला, घ्यायची का नाही? माझ्या मते या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: घ्यायची का, कोणती घ्यायची आणि कितव्या आठवड्यात घ्यायची. तिन्हींचा गुंता केला की महिना-दीड महिना नुसता बोलण्यात जातो. मी ते एकेक करून सोडवले, त्याच क्रमानं लिहिते.

पहिल्या प्रश्नाला मला भीतीपेक्षा आकड्यांनी उत्तर दिलं. मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या कोविडबाधित बायकांच्या नोंदी एकत्र करून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) जून २०२१ मध्ये दोन लाटांची तुलना मांडली होती. पहिल्या लाटेत लक्षणं दिसलेल्या बायकांचं प्रमाण १४.२ टक्के होतं, दुसऱ्या लाटेत ते २८.७ टक्क्यांवर गेलं. मृत्यूचं प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्के झालं. हे मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या बायकांचे आकडे आहेत, गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला तेवढाच धोका असा त्याचा अर्थ नाही. सरकारी माहितीपत्रकातच लिहिलं होतं की नव्वद टक्क्यांहून जास्त बाधित गरोदर बायका दवाखान्यात दाखल न होता बऱ्या होतात. पण पहिल्या आणि दुसऱ्या लाटेतला तो फरक डोळ्यांआड करता येत नव्हता. पस्तिशी ओलांडलेली, वजन जास्त असलेली, साखर किंवा बीपी असलेली, हातापायात पूर्वी रक्ताची गाठ झालेली, अशा बाईला धोका आणखी जास्त.

दुसऱ्या बाजूला काय होतं? तेव्हा अमेरिकेत पस्तीस हजारांहून जास्त गरोदर बायकांची माहिती प्रसिद्ध झाली होती आणि तीत काळजी करावी असं काही दिसलं नव्हतं. पण त्या लशी फायझर आणि मॉडर्नाच्या. आपल्याकडे मिळत होत्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन, आणि गरोदरपणातली त्यांची माहिती त्या मानानं तोकडी होती. हे कुणी लपवू नये असं मला वाटतं. मला पटलं ते लशीच्या जातीमुळं. गरोदरपणात टाळायच्या लशी म्हणजे जिवंत विषाणूच्या, उदाहरणार्थ गोवर-रुबेला किंवा कांजिण्यांची. कोव्हॅक्सिनमध्ये पूर्ण मारलेला विषाणू असतो. कोविशिल्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू वापरलाय, पण तो शरीरात वाढू शकत नाही असा करून. दोन्हींतून कोविड होत नाही, बाळालाही नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या फॉग्सी या संघटनेनं तर सरकारच्या परवानगीआधीच गरोदर बायकांना लस द्या म्हणून सांगितलं होतं. शिवाय आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा काही भाग वारेतून बाळाकडं जातो, ही जमेची बाजू. घ्यायची, हे इथं ठरलं.

कोणती, या प्रश्नाला मात्र मी दोन संध्याकाळी दिल्या, कारण उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा कॅलेंडरमध्ये जास्त होतं. आपल्याकडं घरात महिने मोजतात आणि दवाखान्यात आठवडे, त्यामुळं आधी हिशोब जुळवून घ्यावा. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. माझी ती तारीख १० फेब्रुवारी, म्हणून २८० दिवसांनी प्रसूतीची तारीख १७ नोव्हेंबर. मे २०२१ पासून कोविशिल्डच्या दोन डोसांमध्ये कमीत कमी ८४ दिवसांचं अंतर ठेवलं होतं, कोव्हॅक्सिनमध्ये २८ दिवसांचं. १२ जुलैला पहिला डोस धरला तर कोविशिल्डचा दुसरा येतो ४ ऑक्टोबरला, म्हणजे तेहतीस आठवडे पाच दिवसांवर. त्यावर आणखी दोन आठवडे गेले की पूर्ण संरक्षण, तोवर छत्तिसावा आठवडा. कोव्हॅक्सिनचा दुसरा ९ ऑगस्टला, पंचवीस आठवडे पाच दिवसांवर.

यात आपल्या भागातली एक गोष्ट मिसळते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा संपला, डोहाळजेवण झालं की मुलगी निघाली. माझं माहेर विजापूरकडचं, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर आणि राज्य दुसरं. कोविशिल्ड घेतली असती तर दुसरा डोस कर्नाटकात, जड पोटानं, अनोळखी केंद्रावर घ्यावा लागला असता. अडचण नियमाची नव्हती. कोविन, म्हणजे लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंदणी, देशभर एकच होती, पहिला डोस सोलापुरात आणि दुसरा विजापुरात चालत होता. अडचण त्या दिवसांतल्या फिरण्याची आणि रांगेची. दुसरं कारण असं की कोविशिल्डनंतर फार क्वचित, लाखात एखाद्याला, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गाठी होण्याचा प्रकार नोंदला होता, आणि गरोदरपणात रक्त तसंही जास्त गोठतं. तेवढ्यासाठी कोविशिल्ड नाकारावी असं माझ्या डॉक्टर म्हणत नव्हत्या, दोन्ही चालतात असंच त्यांचं मत होतं. मी कोव्हॅक्सिन ठरवली. कोविशिल्ड समोर आहे आणि कोव्हॅक्सिन कधी येईल याचा पत्ता नाही, अशी वेळ असती तर मी कोविशिल्ड घेतली असती. अडीच महिने बिनलशीचं राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

कितव्या आठवड्यात, याला सरकारी उत्तर होतं: कधीही. पण बऱ्याच डॉक्टर पहिले बारा आठवडे जाऊ द्या म्हणायच्या. त्यामागचं कारण समजून घेतलं की घाबरायला होत नाही. पहिल्या तीन महिन्यांत शंभरातले दहा-पंधरा गर्भ आपसूकच पडतात. त्याच आठवड्यात लस झालेली असली की दोष लशीवर येतो आणि बाई आयुष्यभर स्वतःला बोल लावत राहते. अठरा ते वीस आठवड्यांच्या ॲनोमली सोनोग्राफीचंही, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणाऱ्या तपासणीचंही, तसंच. माझी ती ३० जूनला, बरोबर वीस आठवड्यांवर झाली होती, रिपोर्ट हातात होता. म्हणून बाविसावा आठवडा मला सोयीचा पडला. ज्यांना आधीच धोका जास्त आहे, म्हणजे बीपी, साखर, किंवा घरातलं कुणी रोज दवाखान्यात कामाला जातं, त्यांनी मात्र या सोयीसाठी थांबू नये.

लस पुढं ढकलावी अशी कारणं मोजकीच होती. कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं. त्या दिवशी ताप असेल तर तो उतरल्यावर जायचं. आधीच्या डोसनंतर जीवघेणी ॲलर्जी झाली असेल तर ती लस घ्यायचीच नाही. इतर लशींपासून तेव्हा चौदा दिवसांचं अंतर ठेवायला सांगत. माझे धनुर्वाताचे, म्हणजे टीडीचे, दोन्ही डोस मेपर्यंत झाले होते. ज्यांचा टीडी बाकी आहे त्यांनी दोन्ही तारखा आशाताईंसमोर बसून एकाच कागदावर लिहाव्यात, नाहीतर एकीसाठी दुसरी राहते. रक्तगट निगेटिव्ह असणाऱ्यांनी अठ्ठाविसाव्या आठवड्याचं अँटी-डीचं इंजेक्शन कोविडच्या लशीपायी लांबवू नये.

आता केंद्रावरचं. सरकारी केंद्रावर लस फुकट होती. खाजगीत जूनपासून कमाल दर ठरले होते, कोविशिल्ड ७८० आणि कोव्हॅक्सिन १,४१० रुपये. सोबत आधार कार्ड, कोविनला जोडलेला मोबाइल, माता-बाल संरक्षण कार्ड आणि डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी न्यायची. त्या चिठ्ठीत किती आठवडे झालेत आणि लस द्यायला हरकत नाही, एवढं पुरायचं. मी पहिल्यांदा गेले त्या केंद्रावर पोट बघूनच परत पाठवलं, नवीन सूचना त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दुसऱ्या केंद्रावर चिठ्ठी दाखवली आणि पाच मिनिटांत नाव लागलं. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून उद्या कोणती लस आहे आणि किती डोस आलेत हे विचारून घ्यायचं. कोव्हॅक्सिनची कुपी दहा किंवा वीस डोसांची असायची, पुरेसे लोक जमेपर्यंत कुपी फोडायला थांबत. म्हणून अगदी पहिलं जाण्यापेक्षा तासाभरानं जाणं बरं पडायचं.

उपाशी पोटी जाऊ नये. भाकरी-भाजी खाऊन, पाण्याची बाटली घेऊन जावं. बाया चक्कर येऊन पडतात त्या बहुतेक वेळा लशीनं नाही, रांगेत तासभर उभं राहून आणि रिकाम्या पोटानं. आणि ब्लाउज घट्ट बाहीचा नको. हे कुणी सांगत नाही. टोचायची जागा खांद्याच्या हाडाखाली साधारण तीन बोटं, दंडाच्या जाड स्नायूत. घट्ट बाही तिथवर चढत नाही, मग सुई खाली टोचली जाते किंवा आडोसा शोधावा लागतो. सैल बाहीचा कुर्ता किंवा गाऊनवर ओढणी सगळ्यात सोयीची.

सिस्टरनं माझ्यासमोर कुपी हलवली. कोव्हॅक्सिन पांढरट गढूळ दिसते, ठेवून दिली की खाली बसते, कारण तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचं संयुग असतं. म्हणून ती प्रत्येक डोसाआधी हलवायची. कोविशिल्ड उलट, ती हलवायची नाही. सिरिंज एकदाच वापरता येणारी, अर्ध्या मिलिलिटरची. दट्ट्या तळाला टेकला की अडकतो, पुन्हा ओढता येत नाही. "मूठ सैल सोडा बाई, खांदा पाडा," एवढं बोलेपर्यंत झालंसुद्धा. नंतर कापूस दाबून धरायचा, चोळायचं नाही. अर्धा तास तिथंच बसायचं. भोवळ वाटली तर पाठीवर सपाट झोपू नका, डाव्या कुशीवर व्हा. वीस आठवड्यांनंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर वाढते.

रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल. गरोदरपणात ताप अंगावर काढायचा नाही, पण तेवढ्यासाठी लशीला नाही म्हणायचंही कारण नाही. कोविडचा ताप याहून कितीतरी जास्त दिवस राहतो. माझ्या डॉक्टरांनी पाचशेची गोळी लिहून दिली होती, दोन गोळ्यांत कमीत कमी सहा तासांचं अंतर ठेवून. इथं मोठी चूक होते ती मेडिकलच्या दुकानात. "लशीच्या तापाची गोळी द्या" म्हटलं की कधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेली गोळी हातात पडते. ती गरोदर बाईला चालत नाही, विसाव्या आठवड्यानंतर तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं. पाकिटामागचं नाव वाचा, फक्त पॅरासिटामॉल असेल तरच घ्या. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, बीपीची औषधं नेहमीसारखी चालू ठेवायची.

पुढचे वीस दिवस काही गोष्टींवर लक्ष ठेवायला सांगत. धाप लागणं, छातीत दुखणं, न थांबणारं पोट किंवा डोकं दुखणं, उलट्या, एक पाय सुजून दुखणं, अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके किंवा टोचल्या जागेपासून लांब काळेनिळे डाग, अंधुक दिसणं. दोन्ही पाय सुजणं गरोदरपणात नेहमीचं, एकच पाय सुजणं नाही. डोकेदुखी आणि अंधुक दिसणं हे बीपी वाढल्याचंही लक्षण असतं, त्यामुळं कारण लशीचं का दुसरं, हे घरात ठरवत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं.

दुसऱ्या डोसला ९ ऑगस्टला गेले, लस संपलेली. तो आठवडा मी फार काळजीत काढला, पण काळजीचं कारण नव्हतं. कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस तेव्हा चार ते सहा आठवड्यांत घ्यायचा होता, म्हणजे मला २३ ऑगस्टपर्यंत मुदत होती. १६ ला मिळाला. दोन दिवस उशीर झाला म्हणून घाईनं दुसरीच लस टोचून घ्यायची नव्हती, दोन्ही डोस एकाच लशीचे लागत. आणि दुसऱ्या वेळी पहिल्याच मोबाइल नंबरावर, त्याच ओळखपत्रावर नोंद करायला सांगायचं. पहिली नोंद नवऱ्याच्या नंबरावर आणि दुसरी स्वतःच्या नंबरावर झाली, तर प्रमाणपत्रात दोन वेगवेगळ्या बायकांचे दोन पहिले डोस दिसायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या दोघींचं असंच झालं होतं, आणि नावांच्या स्पेलिंगनं घोळ वाढला. केंद्रातून बाहेर पडण्याआधी मेसेज आलाय ना, त्यात दुसरा डोस लिहिलाय ना, हे तिथंच बघायचं. लशीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर माता-बाल संरक्षण कार्डावर पेनानं लिहून घ्यायचं. माहेरच्या डॉक्टरांनी मोबाइलमधलं प्रमाणपत्र बघितलंही नाही, कार्ड तेवढं बघितलं.

तिथं प्रसूतीआधी आरटीपीसीआर करायला सांगितली, दोन डोस झालेले असूनही. लशीमुळं ती पॉझिटिव्ह येत नाही, कारण नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणूचा जनुकीय भाग शोधतात आणि लस असते दंडात. अँटीबॉडीची रक्ततपासणी मात्र लशीनंतर पॉझिटिव्ह येऊ शकते, तिच्यावरून कोविड झालाय असं कुणी म्हणालं तर आरटीपीसीआरच करा म्हणावं. रिपोर्ट किती तासांपर्यंतचा चालतो हे दवाखान्यागणिक वेगळं असायचं. कळा काही तारीख बघून येत नाहीत, म्हणून छत्तिसाव्या आठवड्यातच विचारून ठेवलं होतं.